बरणीतला इतिहास

मुरांबा या शब्दात आंबा नाही. मुरलेला आंबा तो मुरांबा, अशी फोड आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणापासून मनात करून ठेवलेली असते. पण मग आवळ्याचा मुरांबा कसा काय होतो? मूळ शब्द अरबी आहे, ‘मुरब्बा’. फारसीच्या वाटेने तो दख्खनमध्ये आला आणि मराठीने त्याला आपल्या ‘मुरणे’ आणि ‘आंबा’ या शब्दांत इतके बेमालूम बसवले की तो बाहेरून आला होता हे कुणाच्या लक्षातही राहिले नाही. शेजारी साखरांबा आणि गुळांबा असल्यामुळे तर शंका घ्यायला जागाच उरली नाही.

अरबीत ‘रब्बा’ या क्रियापदाचा अर्थ वाढवणे, पोसणे, संगोपन करणे. ज्याला पोसले, जपले तो मुरब्बा आणि जो पोसतो तो मुरब्बी. मराठी वर्तमानपत्रांत नेहमी भेटणारा ‘मुरब्बी राजकारणी’ आणि फडताळातली मुरांब्याची बरणी ही अशी एकाच घरातली भावंडे आहेत.

मध्ययुगाचा इतिहास आपल्याकडे लढाया, तह आणि किल्ले यांच्या भाषेत सांगितला जातो. त्यात कोण जिंकले, कोण हरले, एवढेच हाती लागते. त्याच काळात माणसे भाजी पिकवत होती, वाळवत होती, खारवत होती, सिरक्यात घालत होती. हा इतिहास राजांच्या दप्तरात क्वचित सापडतो. तो शब्दांत, जुन्या पाककृतींच्या पुस्तकांत आणि आपल्या स्वयंपाकघरात सापडतो. आज ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ अशी वाटणी ताटापर्यंत आलेली असताना तो नीट पाहणे गरजेचे झाले आहे.

उन्हाळ्याचे गणित

भाजीची अडचण एकच, ती थांबत नाही. धान्य कणगीत वर्षभर राहते, भाजी दोन दिवसांत मान टाकते. ज्याच्याकडे विहीर आहे त्याच्या मळ्यात उन्हाळ्यात वांगी, गवार, भोपळा, कारली एकदम येतात. सगळे एका वेळी खाऊन संपत नाही आणि बाजारात सगळ्यांचाच माल आल्यामुळे भावही मिळत नाही. पुढे पावसाची झड लागली की हाती काही नसते. म्हणून वैशाखातले ऊन श्रावणासाठी साठवून ठेवायचे.

त्यासाठी माणसाने मोजकेच उपाय शोधले आणि जगभर तेच वापरले. पहिला उपाय ऊन. भाजीतले पाणी काढून टाकले की तिला कुजवणाऱ्या सूक्ष्म जीवांना जगता येत नाही. दुसरा उपाय मीठ, तेही पाणी ओढून घेते. योग्य प्रमाणात मीठ असले तर नको ते जंतू दबतात आणि आंबवणारे जंतू वाढून भाजीला आपोआप आंबट करतात. तिसरा उपाय आंबटपणा, म्हणजे सिरका, लिंबू, ताक. चौथा तेल, जे वर तरंगून हवा अडवते. पाचवा साखर किंवा गूळ, ज्याचा दाट पाक मिठासारखेच काम करतो.

आपल्या घरांत हे सगळे उपाय एकत्र दिसतात. कोहळ्याचे सांडगे उन्हावर, सांडगी मिरची ताक, मीठ आणि ऊन यांवर, आंबोशी मीठ आणि उन्हावर. कैरीच्या लोणच्यात आधी मिठाने पाणी सुटते, मग मोहरी, मेथी, हिंग येतात आणि शेवटी तापवून गार केलेले तेल फोडींच्या वर बोटभर उभे राहते. बरणीच्या तोंडाला दादरा बांधला की काम संपले. ओला हात बरणीत घालायचा नाही, हा नियम सांगणाऱ्या आजीला जंतू माहीत नव्हते. पाश्चर यांचे जंतूंवरचे काम एकोणिसाव्या शतकातले. फ्रान्समध्ये निकोला अपेर यांनी हवाबंद बाटलीत अन्न उकळून टिकवण्याची पद्धत शोधली आणि १८१० साली सरकारकडून १२,००० फ्रँकचे बक्षीस मिळवले. तेव्हा त्यांनाही ते अन्न का टिकते हे ठाऊक नव्हते. म्हणजे हे ज्ञान प्रयोगशाळेच्या खूप आधी स्वयंपाकघरांत जमा झालेले होते.

सिरका आणि भोपळा

इस्लामी परंपरेत भाजीचे उल्लेख अगदी सुरुवातीपासून आहेत. कुरआनमध्ये सूरह बकराच्या ६१व्या आयतीत बनी इस्राईलचे लोक एकाच प्रकारच्या अन्नाला कंटाळून हजरत मूसांकडे जमिनीतून उगवणाऱ्या गोष्टी मागतात. त्या यादीत पालेभाजी, काकडी, मसूर आणि कांदा आहे. वाळवंटात भटकणाऱ्या माणसांना मळ्यातली भाजी आठवते, ही त्या प्रसंगातली अतिशय मानवी बाजू आहे.

सहीह बुखारीत हजरत अनस (र.) यांची एक आठवण आहे. एका शिंप्याने प्रेषित मुहम्मद (स.) यांना जेवायला बोलावले. जेवण साधेच होते, जवाची भाकर आणि भोपळा व वाळवलेले मांस घातलेला रस्सा. प्रेषित ताटातल्या भोपळ्याच्या फोडी शोधून शोधून खात होते, हे पाहून अनस यांना त्या दिवसापासून भोपळा आवडू लागला. या आठवणीतला ‘कदीद’ हा शब्द म्हणजे खारवून उन्हात वाळवलेले मांस. म्हणजे एका कारागिराच्या घरचे ते जेवण निम्मे ताज्या भाजीवर आणि निम्मे साठवणीवर उभे होते. आजही दख्खनी घरांत दालचा शिजतो तेव्हा त्यात दुधी भोपळ्याच्या फोडी असतात आणि मोठी माणसे मुलांना हा प्रसंग सांगतात.

सिरक्याचेही तसेच. घरात भाकरीसोबत खायला सिरक्याशिवाय काही नव्हते, तेव्हा प्रेषितांनी तोच मागवून घेतला आणि त्याचे कौतुक केले, अशी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. त्यामुळे सिरक्याला मुस्लिम समाजात गरिबाच्या तोंडीलावण्याबरोबर एक प्रतिष्ठाही मिळाली. मद्य आपोआप आंबून सिरका झाले तर तो हलाल, यावर फकिहांचे एकमत आहे. मुद्दाम काही घालून केला तर चालेल का, यावर हनफी आणि शाफई यांच्यात मतभेद आहेत. धर्मशास्त्राच्या ग्रंथांना बरणीत काय घडते याकडे इतके बारकाईने पाहावे लागले, यावरून सिरका घराघरांत किती महत्त्वाचा होता हे कळते.

बगदादची भरली वांगी

पुढे अब्बासी खलिफांच्या बगदादमध्ये पाककृतींची पुस्तके लिहिली गेली. दहाव्या शतकात इब्न सय्यार अल-वर्राक यांनी एक मोठा ग्रंथ सिद्ध केला. १२२६ साली मुहम्मद बिन हसन अल-बगदादी यांनी ‘किताब अल-तबीख’ नावाचे छोटेखानी पुस्तक लिहिले. त्यात सिरक्यात घातलेल्या भाज्यांसाठी, म्हणजे ‘मुखल्ललात’साठी, वेगळा भाग आहे. पुदिना, सलगम आणि वांगी यांच्या कृती त्यात आहेत.

वांग्याची कृती अशी. मध्यम आकाराची वांगी घ्यायची, देठ अर्धे कापायचे. मिठाच्या पाण्यात अर्धी कच्ची उकडायची, काढून कोरडी करायची. मग उभ्या चार चिरा द्यायच्या आणि आत अजमोद्याचा पाला, पुदिना व सोललेल्या लसणाच्या पाकळ्या भरायच्या. काचेच्या बरणीत ती दाबून बसवायची, वरून चांगला सिरका ओतायचा आणि मुरेपर्यंत ठेवायची. देठाला धरून उभ्या चार चिरा, आत सारण. आपल्याकडे भरली वांगी करणाऱ्या कुणाही बाईला ही कृती परकी वाटणार नाही. आपण दाण्याचे कूट आणि गोडा मसाला भरतो, बगदादमध्ये लसूण आणि पुदिना भरत होते, एवढाच फरक.

प्रत्येक पायरीला कारण आहे. उकडल्याने वांगे मऊ होते आणि सिरका आत शिरतो. कोरडे केल्याने उरलेले पाणी सिरक्याला पातळ करत नाही. काचेवर आंबटाचा परिणाम होत नाही. हे पुस्तक लिहिल्यानंतर अवघ्या ३२ वर्षांनी, १२५८ साली, हुलागूच्या मंगोल फौजेने बगदाद उद्ध्वस्त केले. खिलाफत गेली, ग्रंथालये गेली. सिरक्यातली वांगी मात्र राहिली. सीरिया आणि लेबनॉनमध्ये आजही अक्रोड, लसूण आणि मिरची भरून ऑलिव्हच्या तेलात ठेवलेली छोटी वांगी ‘मकदूस’ नावाने होतात. तिथे वर्षाच्या साठवणीला ‘मूना’ म्हणतात. आपल्या बेगमीला यापेक्षा जवळचा शब्द सापडणे अवघड.

वांग्याचा फेरा

आता या वांग्याचेच पाहा. वांगे मूळचे आपल्या बाजूचे. संस्कृतातल्या ‘वातिंगण’वरून फारसीत ‘बादिंगान’ झाले, त्याचे अरबीत ‘बादिंजान’. अरबांनी ते भूमध्य समुद्राच्या काठाने स्पेनपर्यंत नेले. अरबी ‘अल’ हे उपपद चिकटून कॅटलान भाषेत ‘अल्बर्जिनिया’ झाले, त्यावरून फ्रेंचमध्ये ‘ओबर्जीन’. पोर्तुगीजांनी त्याला ‘बेरिंजेला’ म्हटले आणि त्यांच्या गलबतांतून तो शब्द भारतात परत आला. इंग्रजी शाळेत आपली मुले ‘ब्रिंजल’ घोकतात ते हेच. आपलेच वांगे जगाची सफर करून नवे नाव घेऊन घरी आले आणि आपण त्याला ओळखले नाही.

वांग्याचे स्वागत सगळीकडे सारखे झाले नाही. हकीम त्याच्याकडे संशयाने पाहत. इब्न सीनासारख्या हकिमाने त्याचा संबंध काळ्या पित्ताशी लावला. त्यावर स्वयंपाक्यांनी उपाय काढला, वांगी चिरून मीठ लावून ठेवायची आणि सुटलेले काळे पाणी टाकून द्यायचे. आपल्याकडेही वांगे वातूळ ठरले. चातुर्मासात ते वर्ज्य, म्हणून आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, कांदा-वांगी पोटभर खाऊन घ्यायची आणि चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याला भरीत-रोडगा करून पुन्हा सुरुवात करायची. बगदादचा हकीम आणि आपला वैद्य यांचे वांग्याविषयी एकमत होते आणि लोकांनी दोघांचेही पुरते ऐकले नाही.

खलिफा मामून याचे ८२५ साली बुरानशी लग्न झाले. त्या लग्नाच्या थाटामाटाच्या कथा पुढे शतकानुशतके सांगितल्या गेल्या. तिच्या नावावरून तळलेल्या वांग्याच्या एका पदार्थाला ‘बुरानिया’ म्हणू लागले. अफगाणिस्तानात वांगी आणि दही यांचा ‘बोरानी’ आजही होतो. हैदराबादेत बिर्याणीसोबत लसणाचा ‘बुरानी’ रायता येतो. त्यातून वांगे कधी गळाले आणि दही कधी उरले, हे कुणी लिहून ठेवलेले नाही. ज्यांच्या हातून हे बदल झाले त्या बायकांना लिहायला कुणी सांगितलेही नाही.

मळा, पाणी आणि संशय

भाजी टिकवण्याआधी ती पिकवावी लागते आणि उन्हाळ्यात पिकवायची तर पाणी लागते. अंदलुसमध्ये, म्हणजे मुस्लिम स्पेनमध्ये, या विषयावर जाडजूड ग्रंथ झाले. बाराव्या शतकात सेव्हिलचे इब्न अल-अव्वाम यांनी ‘किताब अल-फिलाहा’ लिहिले. जमीन, खत, पाणी, कलमे, भाजीपाला आणि शेतमाल साठवण्याच्या रीती असे सगळे त्यात आहे. हा ग्रंथ इतका उपयोगी वाटला की १८०२ साली माद्रिदमध्ये त्याचे स्पॅनिश भाषांतर छापले गेले.

टोरोंटोचे इतिहासकार अँड्र्यू वॉटसन यांनी १९७४ मध्ये एक निबंध आणि १९८३ मध्ये पुस्तक लिहून असे मांडले की, इस्लामच्या पहिल्या काही शतकांत पूर्वेची अनेक पिके पश्चिमेकडे पसरली. त्यांनी १८ पिकांचा माग काढला. त्यात वांगे, पालक, अळू, ऊस, कलिंगड, लिंबू, कापूस आहेत. पुढच्या काही अभ्यासकांनी यावर आक्षेप घेतले, यातली काही पिके रोमन काळातही माहीत होती, असे दाखवले. तो वाद योग्यच आहे. पण आपल्यासाठी दुसरीच गोष्ट महत्त्वाची आहे. या यादीतली बरीच पिके भारतातून किंवा भारताच्या वाटेने गेलेली आहेत. ‘मुसलमानांनी जगाला अमुक दिले’ अशी भाषणे आपल्याकडे होतात आणि ‘बाहेरच्यांनी आमचे सगळे बिघडवले’ अशीही होतात. वांग्याचा प्रवास दोन्ही भाषणांना अडचणीत आणतो. अरबांनी ते आपल्याकडून घेतले, त्यावर मेहनत घेतली, पुढे दिले. इथे उपकारही नाही आणि चोरीही नाही.

स्पॅनिश भाषेत पाटाच्या पाण्याला ‘असेकिया’ म्हणतात, तो अरबी ‘साकिया’. सिरक्यात मुरवलेल्या मासळीला आणि भाज्यांना ‘एस्काबेचे’ म्हणतात, तो फारसी-अरबी ‘सिकबाज’, म्हणजे सिरक्यातला रस्सा. हाच शब्द पुढे मेक्सिकोत गेला आणि तिथे हिरव्या मिरच्या व गाजरे ‘एस्काबेचे’मध्ये मुरू लागली.

पण स्पेनमध्येच स्वयंपाकघर हा संशयाचा विषय झाला. १४९२ साली ग्रानाडा पडले. यहुद्यांना देशाबाहेर काढले गेले आणि पुढे मुसलमानांना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले. मग कोण मनाने खरोखर बदलले आणि कोण नाही, हे शोधण्याचे काम इन्क्विझिशनकडे आले. मनात डोकावता येत नाही, चुलीत डोकावता येते. डुकराच्या चरबीऐवजी तेल वापरणे, शुक्रवारी रात्री वांग्याचा पदार्थ करून शनिवारी गार खाणे, अशा गोष्टी साक्षीपुराव्यात नोंदल्या गेल्या. वांगे ही यहुदी आणि मूर यांची भाजी असा शिक्का बसला. सर्व्हांटिसच्या ‘दोन किहोते’मध्ये कथेचा कल्पित अरब लेखक सिदी हामेते बेनेंगेली आहे. सांचो पांझा त्याचे नाव चुकून ‘बेरेनहेना’, म्हणजे वांगे, असे घेतो. त्या विनोदाला हा संदर्भ आहे. हा दुसरा भाग १६१५ मध्ये छापला गेला. त्याआधी १६०९ ते १६१४ या काळात सुमारे ३ लाख मोरिस्को, म्हणजे बाटवलेल्या मुसलमानांचे वंशज, देशाबाहेर हाकलले गेले होते. व्हॅलेन्सियाच्या पाटाच्या पाण्यावरचे मळे कसणारे अनेक हात त्यांच्यात होते. ते गेल्यावर गावे ओस पडली आणि शेती खालावली.

गोवा आणि अहमदनगर

हा संशय समुद्र ओलांडून आपल्या दारातही आला. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. तो ज्यू वंशाचा होता, घराणे सक्तीने ख्रिस्ती झालेले. अहमदनगरच्या बुरहान निजामशहाच्या दरबारी त्याचे जाणे-येणे होते आणि शहाशी त्याची मैत्री होती. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचे त्याचे संवादरूप पुस्तक १५६३ साली गोव्यात छापले गेले. त्यात दोन नोंदी आपल्या कामाच्या आहेत. एक, हिरवे आंबे आत ओले आले आणि लसूण भरून मीठ, तेल, सिरक्यात घालतात. दुसरी, कोवळे बिब्बे मिठात घालतात, त्याला ‘अचार’ म्हणतात आणि आमच्याकडे ऑलिव्ह विकतात तसे ते बाजारात विकले जातात. ‘अचार’ या शब्दाची युरोपीय पुस्तकातली ही एक अगदी जुनी नोंद मानली जाते.

ज्याने आपल्या लोणच्याची अशी आस्थेने नोंद केली, त्याचे पुढे काय झाले? १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले. ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, छुपी यहुदी म्हणून जिवंत जाळले. १५८० साली ओर्ताची हाडे उकरून जाळण्यात आली. १७३६ च्या गोव्यातल्या फर्मानात तर हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवण्यालाही बाटलेल्या ख्रिस्त्यांना मनाई केली होती. अ. का. प्रियोळकर यांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवरच्या आपल्या १९६१ च्या ग्रंथात या फर्मानांची माहिती दिली आहे. स्पेनमध्ये तेल आणि वांगे, गोव्यात भातातले मीठ. सत्ता बदलली तरी पाहणीची जागा तीच, म्हणजे चूल.

लोणचे भारतात त्याच्याही खूप आधीपासून होते. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथे आला. त्याने लिहिले आहे की, इथले लोक झाडावरून पडलेली कच्ची कैरी गोळा करून मिठात घालतात, ओले आले आणि हिरवी मिरीही तशीच मुरवतात आणि जेवताना घासागणिक थोडी थोडी तोंडी लावतात. कैरीची पद्धत त्याला ओळखीची वाटली, कारण त्याच्या देशात लिंबे अशीच मिठात घालत. मोरोक्कोत अजूनही घालतात.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त अचारांची यादी शेराच्या भावासह दिली. तेलातला आंबा, सिरक्यातला आंबा, मिठातले लिंबू, आले, सलगम, गाजर, वांगी, लसूण, कांदा, शेवगा, सुरण, काकडी, मुळा, बांबूचे कोंब, कचनार असे कितीतरी प्रकार त्यात आहेत. इराणी वळणाचा सिरका आणि हिंदुस्थानी वळणाचे तेल शेजारी शेजारी बसलेले या यादीत दिसतात. मिरची मात्र ‘आईन’मध्ये कुठेच नाही. ती अमेरिकेतली, पोर्तुगीजांनी आणलेली आणि तेव्हा उत्तरेत रुळायची होती. बादशहाच्या ताटातले अचार तिखट व्हायचे ते मिरी, आले आणि मोहरीने. आज मिरचीशिवाय लोणचे ही कल्पनाच आपल्याला करवत नाही आणि मिरचीला कुणी परदेशी म्हणत नाही.

बागाईत आणि बागवान

महाराष्ट्रात मळ्याची भाषाच या देवाणघेवाणीची साक्ष देते. ‘बाग’ फारसी, ‘बागाईत’ त्यावरून, ‘जिराईत’ अरबी ‘जिराअत’वरून. त्याच मळ्यातली ‘मोट’, ‘नांगर’, ‘वाफा’ हे शब्द देशी. सातबाऱ्यावर हे शब्द शेजारी नांदतात. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात खडकी शहरासाठी, आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, जमिनीखालून नहर आणली. अशा पाण्यावरच शहराभोवतीच्या बागा उभ्या राहतात आणि मंडई भरते.

या मळ्यांत आणि मंडईत दोन समाज पिढ्यानपिढ्या शेजारी राबले, माळी आणि बागवान. ‘बागवान’ म्हणजे फारसीत बागेची निगा राखणारा. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कुठल्याही मंडईत फळभाजीच्या गाळ्यांवर हे आडनाव दिसते. महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत बागवान आहेत. माळ्याने पिकवायचे, बागवानाने विकायचे, किंवा बागवानाने बाग खोतीने घ्यायची आणि माळ्याने तोड करून द्यायची, असे व्यवहार वर्षानुवर्षे तोंडी शब्दावर चालले. चैत्रात लोणच्याची कैरी कुठल्या झाडाची घट्ट आणि आंबट, हे घरच्या बाईला बागवानच सांगत आला. ती त्याच्यावर विश्वास ठेवते, कारण कैरी नरम निघाली तर वर्षभराचे लोणचे बिघडते आणि पुढच्या वर्षी गिऱ्हाईक तुटते.

म्हणून २०२० च्या टाळेबंदीत जे घडले ते जिव्हारी लागले. देशात ठिकठिकाणी मुस्लिम भाजीवाल्यांकडून भाजी घेऊ नका, असे संदेश आणि व्हिडिओ फिरले. नाव विचारून हातगाडी गल्लीबाहेर काढल्याच्या बातम्या आल्या. भाजी तीच, वजनकाटा तोच, फक्त नाव पाहिले गेले. त्यानंतरही अधूनमधून अशी आवाहने होत असतात. बहुतेक गल्ल्यांत लोकांनी त्यांना भीक घातली नाही, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओळखीच्या गाडीला हाक मारणाऱ्या बायका याच समाजातल्या आहेत. पण ज्याला नाव विचारले गेले तो ती गल्ली विसरत नाही.

इतिहासात माणसांच्या चुलीत डोकावून त्यांची परीक्षा घेणारे अनेक होऊन गेले. व्हॅलेन्सियात त्यांनी मळे ओस पाडले, गोव्यात ज्ञानी माणसाच्या अस्थी जाळल्या. त्यांना वांगे संपवता आले नाही. स्पेनमध्ये ते आज सगळे आवडीने खातात. माणसांचे झालेले नुकसान मात्र भरून आले नाही. आपल्याला यातून घ्यायचा तो धडा हाच.

आणखी एक काम आपल्या हातात आहे. बगदादच्या पुस्तकाला लेखकाचे नाव आहे, अकबराच्या यादीला अबुल फजलचे. त्या वांग्यांना चिरा देणाऱ्या आणि बरण्या भरणाऱ्या बायकांची नावे कुठेही नाहीत. आपल्या घरांतही तसेच चालू आहे. मिठाचा अंदाज आजीच्या मुठीत होता, तो आईच्या मुठीत आला आणि आता पिशवीतले तयार लोणचे येऊ लागल्यावर तो तिथेच थांबतो आहे. या उन्हाळ्यात घरात बरणी भरली जाईल किंवा गच्चीवर वाळवण पडेल, तेव्हा एक वही घेऊन बसा. भाजी कोणती, कुठल्या मंडईतून आणली, मीठ किती, ऊन किती दिवस, ही रीत कुणी कुणाला शिकवली, कुठल्या गावाहून ती घरात आली, हे सगळे लिहा. दख्खनी, कोकणी, मराठी, ज्या बोलीत ती सांगेल त्याच बोलीत लिहा. आणि पहिल्या पानावर तिचे पूर्ण नाव लिहायला विसरू नका.